तोंड घालण्याचे तीस गुण

डॉक्टर विल्यामोर यांच्या वर्गात शंभरपैकी तीस गुण दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालण्याला होते. त्यांनी त्याला ‘सक्रिय सहभाग’ असं नाव दिलं होतं. ते कायद्याचे प्राध्यापक. आमच्या ला पाझ शहरात वकिलालाही डॉक्टरच म्हणतात; माणूस दोघांच्याही हातून सारख्याच शांतपणे जातो. ते परदेशात राहून आले आणि येताना ही पद्धत घेऊन आले. इतर लोक चॉकलेटं आणतात.

“तोडा त्याला! वाक्य संपायची वाट कसली बघता?” असं ते ओरडायचे. यात पहिला नंबर मॉरिसियोचा. शहराच्या खालच्या अंगाला, दरीत राहणाऱ्या श्रीमंतांच्या वस्तीतला मुलगा. आमच्या घरी जेवताना सगळे एकदम बोलतात, असं तो अभिमानाने सांगायचा. मग सूप गिळतं कोण, हे त्याने कधी सांगितलं नाही.

आणि एदीताई गप्प बसायची.

एदिल्बेर्ता काताकोरा माझ्याच गावची, आमच्याच आयमारा या आदिवासी समाजातली, माझ्याहून मोठी. या विषयात ती दोनदा नापास झालेली. एकदा गप्प बसली म्हणून; सहभागात शून्य म्हणजे नापासच. दुसऱ्यांदा गावच्या कारभाराची पाळी त्यांच्या घरावर आली. ती नवरा-बायकोने जोडीनेच सांभाळायची असते. आई नव्हती, म्हणून वडिलांशेजारी तीच उभी राहिली आणि हजेरी बुडाली. तिसऱ्यांदा नापास झालं की कॉलेज काढून टाकतं. म्हणजे वर्षभर गावाचे तंटे मिटवणारी बाई कायदा शिकायला नालायक, आणि मॉरिसियो न्यायाधीश.

“ताई, एकदा तरी मध्ये बोल गं,” मी विनवलं. “‘मला मान्य नाही’, एवढंच.”

“आणि मान्य असलं तर?”

“तरी!”

“म्हणजे खोटं बोलू?”

“कायद्याचं कॉलेज आहे ताई. दुसरं काय शिकवतात?”

“फ्रेदी, शहराचं पाणी लागलंय तुला. जीभ बघ केवढी झालीये.”

शेवटची परीक्षा वादविवादाची होती. दोन गावांमधल्या झऱ्यावर हक्क कुणाचा? पठारावरच्या गावांतून आलेल्या आम्हा सगळ्यांना डॉक्टरांनी एका गटात टाकलं, ‘तुमच्याच सोयीसाठी’. समोर मॉरिसियोचा गट.

आम्ही सवयीने सभा भरवली. खुर्च्या गोल लावल्या, एदीताईला म्होरक्या केलं, मधे फडकं पसरून उकडलेले बटाटे मांडले, चघळायला कोकाच्या पानांची पिशवी फिरवली. आमच्याकडे म्होरक्या स्वतःचं मत देत नाही. तो पाळी देतो, सगळ्यांचं ऐकतो आणि सगळ्यांना चालेल असं काय ते शेवटी सांगतो.

“माझा याला सक्त विरोध आहे!” मॉरिसियो उठून गरजला.

“कर की, बाळा,” ताई म्हणाली. “सावकाश कर. कुणी तोडणार नाही.”

दुसऱ्याच वाक्याला मॉरिसियो अडखळला. पुढचं वाक्य त्याच्याकडे नव्हतंच; तिथवर त्याला कधी कुणी जाऊ दिलं नव्हतं. आम्ही थांबलो. तो झऱ्यावरून वडिलांवर घसरला, घरी आपलं कुणीच ऐकत नाही म्हणाला आणि रडायला लागला. कुणीतरी त्याच्या हातात उकडलेला बटाटा दिला.

“वाद कुठाय?” डॉक्टर ओरडले.

“चाललाय, डॉक्टर. तुमचीही पाळी येईल,” ताई म्हणाली.

ते बॅग उचलून निघाले. दाराला पाठ लावून आमचा एक जण बसला होता. “तोडगा निघेपर्यंत उठत नसतात, डॉक्टर,” तो अदबीने म्हणाला.

दुपार सरली. मॉरिसियोचा गट खुर्च्या घेऊन आमच्या गोलात आला. ताईने सगळ्यांचं ऐकून शेवटी सांगितलं, की झरा कुणाचाच नाही. पाणी पाळीने घ्यायचं, पाट दोघांनी मिळून साफ करायचा. सगळे हो म्हणाले. डॉक्टरही. भूक काय, कुणालाही लागते.

मग त्यांनी गुण सांगितले. मॉरिसियोला तीस. आम्ही बाकीचे सगळे पास.

“काताकोरा, शून्य. या बाईंनी स्वतःचं एकही मत मांडलं नाही. त्यामुळे अत्यंत दुःखाने मला…”

“दुःख गेलं खड्ड्यात!” मी उठलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं बोलणं तोडलं. “तुम्हाला वर्गात बसवून शहाणं केलं ते कुणी? या तुमच्या बेडकांच्या शाळेत माणूस एकच होता, त्यालाच हाकलताय? लाज वाटते का, डॉक्टर?”

डॉक्टरांचा चेहरा उजळला. “शाबास! हेच तर मी वर्षभर सांगतोय! तीसपैकी तीस!”

“माझे तिला द्या!”

“गुण ज्याचे त्याला असतात.”

“मग मला शून्य द्या! गाढव आहात तुम्ही!”

“आवेश उत्तम. पण तीसच्या वर देता येत नाहीत.”

मी जितका शिव्या देत गेलो, तितके ते खूश होत गेले. माझा गळा बसला, तेव्हा त्यांनी मला स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. मी प्यायलो. त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

एदीताई खाली पसरलेलं फडकं आवरत होती. उरलेले बटाटे बांधून तिने गाठोडं पाठीवर घेतलं.

“त्यांचं वाक्य पुरं व्हायचं होतं,” ती मला म्हणाली.

“अगं ताई, तुला काढलं त्यांनी!”

“ऐकलं मी,” ती म्हणाली. “तेवढंच तर येतं मला.”

बाहेर पडून दार तिने स्वतःच ओढून घेतलं. आत डॉक्टर अजून माझं कौतुक करत होते, आणि त्यांना कुणी तोडत नव्हतं.