माझ्या पोटात फक्त कागद

मित्रांनो, मी एक जुनी पावभट्टी आहे. जुनी म्हणजे कशी, तर एकही पाव न भाजता जुनी झालेली! हसू नका हं.

माझा जन्म पत्राकामाच्या एका शेडमध्ये झाला. मिस्त्रीने माझं दार तीनदा उघडझाप करून पाहिलं आणि ऐटीत म्हणाला, "बाई, नातवंडांनाही पुरेल ही!" बाई म्हणजे माझी मालकीण. वीस वर्षं तिने दुसऱ्याच्या बेकरीत पीठ मळलं होतं. आता तिला स्वतःची बेकरी हवी होती. बस्स, एवढंच! तिने पाटीसुद्धा रंगवून घेतली होती.

पण परवान्याशिवाय मला पेटवायचं नाही, असा नियम. "आठ दिवसांत होईल," बाई म्हणाली. मग सुरू झाले अर्ज. आगीचा वेगळा, आरोग्याचा वेगळा, धुराड्याच्या उंचीचा वेगळा. असे चौदा! घरात उंदीर फार, म्हणून बाईने सगळी फाइल माझ्या पोटात ठेवली. खरं सांगते, मी हरखले. निदान काहीतरी आत गेलं!

एक दिवस तपासनीस साहेब आले. मला टिचकी मारून म्हणाले, "पेटवून दाखवा. चालू भट्टीचीच तपासणी होते."

"पण साहेब, परवान्याआधी पेटवली तर दंड आहे ना?"

"आहे ना."

"मग?"

"मग काय? नियम मी केलेत का, बाई?" आणि त्यांनी शेरा मारला, 'भट्टी बंद आढळली.'

माणूस वाईट नव्हता. जाताना म्हणाला, "तुमचा पाव खायला नक्की येईन हं." तेच जास्त लागलं मला.

तीन वर्षं गेली. मग एक दिवस बाईची मुलगी शाळेतून धावत आली. "आई, सरकारने कारभार सोपा केलाय! चौदा अर्ज बंद, आता एकच अर्ज! एकच!" दोघींनी माझ्यासमोर फुगडी घातली. माझा पत्राही उगाच गरम झाल्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी बाई कचेरीतून तो एकच अर्ज घेऊन आली. त्याला जोडायचे दाखले चौदा. जुन्यांची मुदत संपलेली, म्हणजे सगळे नव्याने काढायचे. सातवा दाखला, 'भट्टी चालू असल्याचा.'

"मी भरते ना, आई. माझं अक्षर छान आहे."

"अक्षराला कोण विचारतंय गं," बाई म्हणाली. सोमवारपासून ती पुन्हा जुन्या बेकरीत पीठ मळायला जाऊ लागली. पाटी आता पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून असते.

काल तोच मिस्त्री आला. मला कापून माझा पत्रा दुसरीकडे वापरणार आहे. दार उघडून तो बघतच राहिला. "अहो बाई, आतून कोरी आहे की ही! हे कागद काढू का?"

"राहू देत," बाई म्हणाली. "तिच्या पोटात दुसरं गेलंय काय?"

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपल्या आत्मकथेच्या शेवटी सांगतात, आम्हाला पुसा, आमची निगा राखा. मला तर बाई रोज पुसायची! तुमच्यातलं कुणी मोठेपणी कचेरीतल्या त्या टेबलामागच्या खुर्चीत बसलंच, तर समोरच्या कागदाआड कुणाची तरी भट्टी थंड पडली आहे, एवढं आठवा. माझ्यात खोट काहीच नव्हती. कमी पडली ती फक्त एक काडी.