पाववाल्याचा कुटुर्गा

दत्ताराम सावंतांना रविवारच्या पक्षी-फेरीचं पुढारपण हवं होतं. बाकी आयुष्यात काही नको, असं ते सांगायचे. बाकी कोणी काही देतही नव्हतं म्हणा.

मुलुंडच्या त्यांच्या कॉलनीतल्या पक्षीमित्र मंडळाने अट घातली. दहा रेकॉर्डिंगं ऐकवणार, जास्त पक्षी ओळखेल तो फेरी नेणार. 'मार्गदर्शक' लिहिलेली हिरवी टोपीही त्याचीच. समोर उभी होती शेजारच्या बिल्डिंगमधली जयंती, वय चोवीस.

सरावाची रेकॉर्डिंगं ग्रुपवर आली. सावंतकाका महिनाभर कानात इयरफोन खुपसून बसले. गाडी अडली कुटुर्गा पक्ष्याच्या दोन जातींवर. एक पांढऱ्या गालाचा, एक तपकिरी डोक्याचा. दोघंही तासन्‌तास कुटूर-कुटूर करणार, जणू एकाच क्लासला शिकलेले.

मग काकांना शोध लागला. पांढऱ्या गालाच्या मागे पाववाल्याचा भोंगा वाजतो. तपकिरी डोक्याच्या मागे कोणाचा तरी कुकर शिट्टी मारतो. दयाळामागे एक माणूस खोकतो. झकास. आता पक्ष्याकडे लक्ष द्यायचं काही कारणच उरलं नाही.

"अवो, पाखरां ऐकतात काय पाववालो?" त्यांच्या बायकोने, वनमालाकाकूंनी विचारलं.

"निसर्ग एकत्र ऐकायचा असतो," काका म्हणाले.

परीक्षेत तीच रेकॉर्डिंगं वाजली. काकांना दहापैकी दहा. जयंतीला सात, ती बिचारी पक्षी ऐकत बसली होती.

रविवारी सकाळी टोपी घालून काका टेकडीच्या पायथ्याशी पोचले, मागे पंधरा माणसं वह्या घेऊन. उंबरावरून आवाज आला, कुटूर-कुटूर. काकांनी हात वर केला. सगळ्यांनी वह्या उघडल्या. काका कुकरची वाट बघत राहिले.

"कुठला, काका?" जयंतीने विचारलं.

"थांब गं. पूर्ण येऊ दे."

पाच मिनिटं गेली. एवढ्यात खालच्या रस्त्यावरून खंडू पाववाला सायकलवर आला. पों-पों. काकांचा चेहरा उजळला.

"पांढऱ्या गालाचा."

पंधरा वह्यांत नोंद झाली.

"काका, तो बघा ना, समोरच्या फांदीवर बसलाय. डोकं तपकिरी आहे."

"डोकं कशाला बघतेस? आपण आवाजावर चालतो."

पक्षी पुन्हा ओरडला.

"मग हा आत्ताचा कुठला?"

"आता कसं सांगू? पाववाला गेला ना," काका बोलून गेले.

वह्या हळूहळू मिटल्या. जयंतीने विचारलं, "आणि दयाळ कसा ओळखलात?"

"खोकतो तो," काका पुटपुटले आणि टोपी स्वतःच काढून तिच्या हातात दिली.

पण काकांचं नाव राहिलं. त्या सकाळचं रेकॉर्डिंग कोणीतरी करून ठेवलं होतं, ते आता मंडळाच्या सरावात आहे. नवी पोरं बरोबर ओळखतात. मागे एक काका ठासून "पांढऱ्या गालाचा" म्हणाले, की डोळे मिटून लिहायचं: तपकिरी डोक्याचा.