पत्रकातली शेवटची ओळ

चष्मेवाल्यांनी मुलीशी बोलणं टाकलं, त्याला एक निवडणूक होऊन गेली. ती लग्न न करता एका मुलाबरोबर राहायला गेली आणि नेमक्या त्याच साली त्यांच्या पक्षाच्या पत्रकावर सगळ्यात वर, ठसठशीत अक्षरांत छापलेलं होतं: लग्नसंस्था वाचवा, नाहीतर देश बुडेल. चष्मेवाल्यांनी देशासाठी घराचं दार बंद केलं. तसं सभेत सांगितलंही. टाळ्या पडल्या.

परवा पक्षाचे उमेदवार चष्म्याचा नंबर तपासायला दुकानात आले. बरोबर नवं पत्रक होतं. सगळ्यात वर पाणी. मग रस्ते, घरभाडं, पार्किंग.

"लग्न कुठंय, साहेब?"

"आहे की, काका! अगदी खाली बघा."

"माझ्या तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा याहून मोठी आहे."

"निष्ठावंतांना दिसते. बाकीच्यांना दिसू नये."

"पण देश बुडणार होता ना?"

"बुडायला आधी पाणी लागतं, काका. दारोदार फिरतोय. लग्नाचं काढलं की आतून बायका विचारतात, टँकर कधी पाठवताय?"

"मग मी इतकी वर्षं पोरीशी बोललो नाही, ते कशासाठी?"

उमेदवारांनी मशीनवर हनुवटी टेकवली. "बोलू नका असं आम्ही कुठं म्हटलं होतं? आम्ही आपलं छापलं होतं."

चष्मेवाल्यांनी नंबर काढला. लांबचं उत्तम दिसत होतं, जवळचं नाही.

घरी बायको रोज दुपारी गच्चीवर जाऊन 'बहिणीशी' फोनवर बोलायची. या बहिणीला गेली कित्येक वर्षं ऐकू येत नव्हतं, हे चष्मेवाल्यांना चांगलं ठाऊक होतं. त्या दिवशी ते मागोमाग गच्चीवर गेले.

"दे इकडे."

"अहो, बहीण आहे माझी!"

"असू दे. पक्षाचं काम आहे."

त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडून आवाज आला, "आई? काय झालं?"

"मी बोलतोय." मग चष्मेवाल्यांनी खिशातलं पत्रक काढलं, वरची ओळ पाहिली. "तुमच्याकडे पाणी रोज येतं का गं?"

"येतं, बाबा. पण पहाटे. हा उठून भरतो."

"हो का? आमच्याकडेही पहाटेच. पण इथं तुझी आई उठते."

बायको मागून म्हणाली, "विचारा त्याला, इकडे येऊन भरेल का एखाद्या दिवशी."

चष्मेवाल्यांनी पक्षाच्या नव्या धोरणाला धरून विचारलं.