आरशातले ब्रॅकेट

आमच्या कारखान्यात लढाऊ हेलिकॉप्टर बनतं. नकाशे मात्र परदेशी कंपनीचे, परवान्यावर मिळालेले. मी तिथे तपासनीस. माझा शिक्का पडल्याशिवाय कुठलाही भाग पुढे जात नाही.

बाळंतपणाची रजा संपवून आले त्याला तीनच आठवडे झाले होते. अकरा वाजता पाळणाघरात लेकीला पाजत होते. ती झोपेत चुटूचुटू ओढत होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे सकाळी तपासणीला वापरलेला नकाशा. एकदम लक्षात आलं, तो आमच्या पद्धतीचा नव्हताच.

वस्तूची उजवी बाजू आम्ही कागदावर डावीकडे काढतो. ती परदेशी मंडळी उजवीकडेच काढतात. एरवी नकाशे आमच्या पद्धतीने उतरवून मिळतात. या वेळी घाईत मूळ कागदच खाली आला होता. कारागिरांनी सवयीने वाचला, मीही सवयीनेच तपासला. शेपटीच्या पंख्याकडे जाणारा दांडा धरणारे बारा ब्रॅकेट, बाराही आरशातल्यासारखे उलटे.

मी तशीच धावत फोरमनकडे गेले. त्यांना सगळे मास्तर म्हणतात.

"मास्तर, ते ब्रॅकेट?"

"बसवले की. जरा हट्ट करत होते, दोन ठोके दिले."

"उलटे आहेत ते."

"हळू बोल, बाई! भिंतींना दोन कान, साहेबांना चार." मग आवाज उतरवून म्हणाले, "बसलेत ना? गुरुवारी पहिलं उड्डाण. कशाला पायावर धोंडा पाडून घेतेस? शिक्का गेला की परत मिळत नाही."

"दांडा घासेल, मास्तर."

"घासला तर वैमानिक सांगेल."

"सांगायला उरला तर."

त्यांनी हातातला हातोडा खाली ठेवला.

हे यंत्र जीव घ्यायलाच बनतं. 'पोरीला काय सांगशील?' असं सासूबाई विचारतात, तेव्हा मला उत्तर सुचत नाही. पण जो माझ्या शिक्क्यावर भरवसा ठेवून आत बसणार, त्याला काय सांगायचं ते मला त्या क्षणी पक्कं कळलं होतं. मी हेलिकॉप्टरला उड्डाण थांबवणारी लाल पट्टी बांधली आणि वर साहेबांकडे गेले.

साहेबांनी विचारलं, "चूक पकडली कोणी?"

"मी."

"आणि केली कोणी?"

"मीच."

त्यांनी हात पुढे केला. मी शिक्का ठेवला. खिसा इतका हलका झाला, की रडूच आलं.

खाली मास्तर शिडीवर चढून बोल्ट सोडवत होते. वळून न बघताच म्हणाले, "अहवालात लिही, ठोकून मी बसवले."

"मास्तर, तुमचं निवृत्तीचं वर्ष..."

"लिही म्हणतो ना!"

मी लिहिलं.