व्याह्यांमधलं युद्ध

सायकलवाला पूर्वेच्या सैन्याचा सेनापती होता. सैन्यात त्याच्याशिवाय कोणीच नव्हतं, त्यामुळे शिस्तीचा प्रश्न कधी आला नाही. पंक्चरच्या दुकानाबरोबर हे पदही त्याला वडिलांकडून मिळालं होतं. पश्चिमेच्या सेनापती टपाल कचेरीतल्या बाई. त्या वर्षभर पाकिटांवर शिक्के मारत आणि एक दिवस, युद्ध चालू असल्याच्या कागदावर सही करण्यापुरत्या, शत्रू होत.

हे असं कसं झालं ते नीट समजून घ्यायला हवं. फार पूर्वी गावाबाहेरच्या माळावर दोन फौजा समोरासमोर आल्या. दोघींनी खंदक खणले, मातीचे बांध घातले, आणि नेमका दोन्ही सेनापतींना ताप भरला. ते आपापल्या घरी गेले. लढाई संपली असं सांगायला कोणी उरलं नाही. सैनिकांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि तेही कामाला लागले. कोणी हरलं नाही, कोणी तह केला नाही, म्हणून सरकारदरबारी लढाई चालूच राहिली. आणि कायदा असा, की लढाई चालू असेल त्या जमिनीत नांगर घालायचा नाही, वीट रचायची नाही, झाडाला हात लावायचा नाही.

त्यामुळे झालं काय, चारी बाजूंनी गोदामं उठली आणि माळ मात्र तसाच राहिला. खंदकांत पाणी साठलं, पाण्यात बेडूक आले, बेडकांमागून बगळे आले. बांधाच्या उभ्या मातीत वेड्या राघूंनी बिळं कोरली. शाळेतली मुलं तिथे आली की लढाईबद्दल चकार शब्द काढत नसत. पाणकोंबडी पोहताना मान का हलवते, एवढंच विचारत. सायकलवाल्याला ते ठाऊक नव्हतं, पण मुलांबरोबर काठावर पालथं पडून बघत राहायला त्याची कधीच ना नसे.

मग सायकलवाल्याच्या मुलाने टपालबाईंच्या मुलीशी लग्न केलं. सगळ्यांना आनंद झाला, गोदामवाल्यांना सर्वांत जास्त. त्यांनी जमीन कचेरीत अर्ज टाकला: दोन्ही सेनापती आता व्याही झाले, म्हणजे तह झाला, म्हणजे लढाई संपली, तेव्हा ट्रक उभे करायला माळ आम्हाला द्यावा. युद्ध खरोखर चालू आहे का हे बघायला कचेरीने तपासनीस पाठवायचं ठरवलं.

पंचाईत अशी, की माळ वाचवायचा तर भांडायला हवं होतं, आणि दोन्ही सेनापतींचं छान जमत होतं. शिवाय सायकलवाल्याला भांडता येत नव्हतं. सूनबाईने स्वयंपाकघरात त्याची तालीम घेतली. तो टपालबाईंना दुष्ट म्हणायचा आणि लगेच माफी मागायचा. सूनबाईने कपाळावर हात मारला. "बाबा, निदान माफी तरी मनात मागा."

ठरलेल्या दिवशी तपासनीस माळावर खुर्ची टाकून बसले. म्हणाले, करा सुरुवात. आता पहिला हल्ला कोणी करायचा हे मात्र तालमीत ठरलंच नव्हतं.

"विहीणबाई, तुम्ही आधी," सायकलवाला म्हणाला.

"छे छे, तुम्ही मुलाकडचे. मान तुमचा."

"असं कसं, मान तुमचाच."

तपासनिसांनी घड्याळाकडे पाहिलं आणि खिशातून पेन काढलं. बांधापलीकडे गोदामवाल्यांचा कारकून हसत उभा होता. बाईंनी एक पाऊल पुढे टाकलं.

"लग्नात कुठे गेला होता हा मान? माझ्या थोरल्या भावाला चपलांच्या ढिगाशेजारी बसवलंत."

सायकलवाला गोंधळला. हे तालमीत नव्हतं. बाईंचा आवाज कापत होता, आणि तोही तालमीतला नव्हता.

"तुमच्या भावाने मला विचारलं, मुलगा शिकलाय ना, की तोही पंक्चर काढतो," तो म्हणाला. हे त्याने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. बोलून गेल्यावर त्याचे कान तापले.

मग शब्दाने शब्द वाढला. लग्नातल्या फोटोत कोण मध्ये उभं राहिलं, कोणाच्या आत्याने भेटवस्तू उघडून बघितली, सगळं निघालं. खंदकातले बेडूक गप्प झाले. तपासनीस घाबरून मध्ये पडले, तेव्हा दोन्ही सेनापतींनी त्यांना एकदमच सुनावलं, की हे घरचं आहे, तुम्ही बाजूला व्हा.

युद्ध चालू, जोर वाढलेला, असा शेरा तपासनिसांनी मारला. जाताना ते सूनबाईला हळूच म्हणाले, "नात्यात युद्ध होत नाही असं ज्याला वाटतं, त्याचं लग्न झालेलं नसणार."

माळ वाचला. सायकलवाल्याला मात्र घास गिळवेना. सकाळी तो धुतलेला सदरा घालून माफी मागायला टपाल कचेरीत गेला आणि रांगेत उभा राहिला. त्याच्या मागे येऊन उभा राहिला तो गोदामवाल्यांचा कारकून, कान टवकारून. इथे माफी मागितली तर दुपारपर्यंत तह झाल्याचं जमीन कचेरीला कळणार होतं.

खिडकीशी आल्यावर सायकलवाल्याने बाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. त्याही काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांचंही लक्ष कारकुनाकडे गेलं.

"एक तिकीट द्या," सायकलवाला शक्य तितक्या तुसडेपणाने म्हणाला.

बाईंनी तिकीट फाडून त्याच्यापुढे आपटलं. त्याला पत्र कोणालाच लिहायचं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी दोघं माळावर आले. तो खंदकाच्या या काठावर बसला, बाई पलीकडच्या काठावर, आणि बांधावर मधोमध सूनबाई. कारकून गोदामाच्या गच्चीवरून बघत होता.

"सूनबाई, तुझ्या आईला सांग, पाणकोंबडीला पिल्लं झालीत. पाच आहेत."

सूनबाईने सांगितलं, जणू पलीकडे ऐकूच गेलं नव्हतं.

"तुझ्या सासऱ्यांना सांग, मला डोळे आहेत. आणि सहा आहेत."

सायकलवाला पालथा पडला, गवत बाजूला सारून त्याने पुन्हा मोजली. एक पिल्लू आईच्या पंखाआड होतं. सहाच होती.

"तुझ्या आईला सांग," तो म्हणाला, "पाचच आहेत."