छापील उत्तर

क्वाक सरांनी वही परत दिली, तेव्हा आठव्या गणितावर लाल फुली होती. प्यो मालसूनने ती दोनदा पाहिली. मग चष्मा काढून ब्लाउजच्या टोकाने पुसला आणि तिसऱ्यांदा पाहिली. फुली तिथेच होती, आणि शेजारी सरांनी नीटस अक्षरात लिहिलं होतं, ‘उत्तर : १२ टक्के’.

त्या गणिताला तिने दोन दिवस दिले होते. तीस टक्क्यांचं दोनशे मिलिलिटर ॲसिटिक आम्ल, त्यात तीनशे मिलिलिटर पाणी घातलं, तर मिश्रणात आम्ल वजनाने किती टक्के? आम्लाची घनता १.०४. म्हणजे दोनशे मिलिलिटर आम्ल वजनाने दोनशे ग्रॅम नव्हे, दोनशे आठ ग्रॅम. इतकं साधं आहे ते. दोनशे आठचे तीस टक्के बासष्ट पूर्णांक चार, एकूण वजन पाचशे आठ, उत्तर बारा पूर्णांक तीन. तिने तीन वेळा करून पाहिलं. पुस्तिकेच्या मागच्या पानावर बारा छापलेलं पाहिल्यावर चौथ्यांदाही केलं, आणि मग पेन दाबून बारा पूर्णांक तीनच लिहिलं.

ही शाळा कोरियातल्या तेगू शहराच्या जुन्या भागात, औषधाच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर होती. लहानपणी ज्यांची शाळा सुटली, अशा बायकांसाठी. वर्गात अठरा जणी, सगळ्यात धाकटी बावन्न वर्षांची. मालसून एकसष्टची. सोळाव्या वर्षी ती रंगकारखान्यात लागली आणि पन्नाशीपर्यंत रंगाच्या पिपांपाशी उभी राहिली. आम्लाचं वजन तिला कुठल्या पुस्तकाने सांगायची गरज नव्हती. बादली उचलली की मनगटाला कळायचं.

तिने हात वर केला. “सर, आठवं.”

“हं, मावशी?” क्वाक सर बत्तीस वर्षांचे, सगळ्या विद्यार्थिनींना मावशी म्हणत. सकाळी दुसऱ्या शाळेत शिकवून दुपारी इथे येत, आणि ही गणितांची पुस्तिका त्यांनी स्वतः तयार केली होती.

“माझं बरोबर आहे.”

“उत्तर बारा आहे, मावशी. मागे छापलंय बघा.”

“छापलेलं बघितलं मी. तुम्ही घनता धरलेली नाही.”

सर हसले. वाईट हसले असं नाही, पण घड्याळाकडे बघत हसले. “बारा काय आणि बारा पूर्णांक तीन काय. अठरांपैकी सतरा जणींचं बारा आलंय. मग सतरा जणी चुकल्या का?”

“सोड ना गं, मालसून,” मागून कोणीतरी म्हणालं. “एका गुणाचा तर प्रश्न.”

पण मालसूनचं लक्ष एव्हाना शेजारच्या बाकाकडे गेलं होतं. तिथे गे ओकबुन बसली होती, तिची चव्वेचाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. कारखान्यात ती सूत गुंडाळायच्या खात्यात होती, आता तिळाच्या तेलाचं दुकान चालवायची. ओकबुनची वही उघडी होती. आठव्या गणितावर बरोबरची खूण होती, आणि त्याखाली सगळ्या पायऱ्या मालसूनच्या. दोनशे आठ, बासष्ट पूर्णांक चार, पाचशे आठ. अगदी मालसूनने जिथे ओळ मोडली होती, तिथेच मोडलेली. फक्त शेवटचा आकडा खोडून तिथे बारा लिहिलेलं.

दर गुरुवारी त्यांचा व्यवहार ठरलेला होता. रसायन आणि भौतिक मालसून करायची, ओकबुन उतरवायची. जमाखर्च ओकबुन करायची, मालसून उतरवायची. एरवी यात कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. पण त्या खोडलेल्या आकड्याने मालसूनच्या कानशिलात जाळ उठला.

“ओकबुन, तू बदललंस?”

“ताई, नंतर बोलू,” ओकबुन पुटपुटली.

“नंतर नाही. ऊठ. फळ्यावर जा आणि सगळ्यांना करून दाखव, पाचशे आठातून तुझं बारा कसं आलं ते.”

“मावशी, मावशी,” सर म्हणाले.

“तुम्ही थांबा, सर! माझी वही घेऊन गेलीस ना? माझ्याकडून ओळन्‌ओळ उतरवलंस, आणि उत्तर तेवढं छापलेलं घातलंस? माझ्यावर विश्वास नाही, तर माझी वही कशाला नेतेस?”

ओकबुनचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. ती उठली, पण फळ्याकडे गेली नाही.

“आणि तुझी खतावणी कोण लिहितं, ताई? तेही सांग की सगळ्यांना! नावे कुठे आणि जमा कुठे, ते तरी कळतं का तुला? वर्षभर माझं उतरवून नव्वद गुण घेतेस, आणि मला फळ्यावर पाठवतेस?”

सरांनी खडू ठेवला. मग पुन्हा उचलला, फळ्याकडे वळले आणि आठवं गणित मांडू लागले. दोनशे गुणिले एक पूर्णांक शून्य चार लिहिल्यावर त्यांचा हात जरा थांबला. खाली उत्तर लिहिलं, १२.२८. मग त्यांनी फळा पुसला.

“उतरवणं ते उतरवणं,” ते वळून कोरड्या आवाजात म्हणाले. “दोघींना या गृहपाठाला शून्य. जमाखर्चाचं मी तो विषय शिकवणाऱ्या बाईंच्या कानावर घालेन. पान चाळीस उघडा.”

फळ्यावर आलेल्या उत्तराबद्दल एक अक्षर नाही. मालसूनने दप्तर उचललं आणि ती वर्गातून चालती झाली.

घरी आल्यावर तिने मुलाला फोन केला. सांगजिन इंजिनियर होता, दुसऱ्या शहरात नोकरीला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आई, तुझंच बरोबर आहे. पण एवढं चिडायला काय झालं? तुला काय आता या गणितावर नोकरी मिळवायचीय?”

तिने फोन ठेवून दिला. याला कसं सांगायचं? सतराव्या वर्षी, पिपात कॉस्टिक सोडा ओतायच्या आधी, तिने मुकादमाला म्हटलं होतं की चिठ्ठीवरचा आकडा चुकलाय, इतकं घातलं तर कापड जळेल. मुकादम म्हणाला होता, “तुला वाचता तरी येतं का गं? चिठ्ठी वरून आलीय.” चाळीस ताके जळले. पंधरा दिवसांचा पगार कापला तो सगळ्या मुलींचा. ओकबुनचाही. ओकबुन तेव्हा तिच्या शेजारच्या पथारीवर झोपायची, आणि त्या महिन्यात दोघींनी भातावर नुसतं सोयाबीनचं पाणी ओतून खाल्लं होतं. आणि आज तीच ओकबुन, सगळं माहीत असून, छापलेल्या आकड्याच्या बाजूने गेली!

पुढच्या गुरुवारी जमाखर्चाचा गृहपाठ आला. एका काल्पनिक कागददुकानाचा महिनाभराचा व्यवहार, सव्वीस नोंदी, शेवटी तेरीज काढायची, म्हणजे नावे आणि जमा अशा दोन्ही बाजू जुळवून दाखवायच्या. मालसूनने ठरवलं, मरेन पण कुणाची वही मागणार नाही. भाड्याचं नावे टाकायचं की जमा, यावरच तिचा एक तास गेला. चिडून तिने एक पान फाडलं, मग चिकटपट्टीने पुन्हा जोडलं, कारण वहीत पानं मोजकीच उरली होती. रविवारी दुपारी तेरीज काढली, तर दोन बाजू जुळेनात. पाच हजार चारशे वॉनचा फरक. तिने पाच वेळा बेरीज केली. प्रत्येक वेळी पाच हजार चारशे. निदान एकदा तरी वेगळा फरक यावा की!

सोमवारी सकाळी ती वही घेऊन तेलाच्या दुकानात गेली. माफी मागायला गेली नव्हती. खरं तर ती अजून भांडायलाच गेली होती.

ओकबुन भट्टीपाशी तीळ परतत होती. दुकानात खमंग धूर भरला होता. तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

“दुकान उघडं आहे ते गिऱ्हाइकांसाठी.”

“एक बाटली दे मग.”

“तुझ्या घरी मागच्या महिन्यातली अर्धी असेल.”

मालसून दारातल्या पिंपावर टेकली. “का बदललंस, एवढं सांग. मी जाते मग.”

ओकबुनने झारा आपटला. “भीती वाटली म्हणून! झालं समाधान? तुझे हात आकड्याला घाबरत नाहीत, ताई. माझे घाबरतात. मागे बारा छापलेलं बघितलं, आणि वाटलं, आपण दोघी कोण लागून गेलो छापलेल्याला चूक म्हणणाऱ्या? मला नापास व्हायचं नव्हतं. सुनेला सांगून ठेवलंय मी, सासू बारावी होणार म्हणून.”

“मला विचारायचंस.”

“तुला विचारलं की तू ओरडतेस. वर्षभर ओरडतेस. ‘इतकं कसं कळत नाही, इतकं कसं कळत नाही.’ मुकादम परवडला त्यापेक्षा! तो निदान पगार तरी द्यायचा.”

हे मालसूनला फार लागलं. ती उठली. जायला निघाली, आणि जाता जाता रागारागातच म्हणाली, “आणि हे पाच हजार चारशे कुठून आले देव जाणे. दुकान तुझं चालतं, माझं नाही.”

ओकबुन तिळाकडे बघत होती. “नऊने भाग जातो का बघ.”

“काय?”

“फरकाला नऊने भाग गेला, तर कुठेतरी आकडे उलटे लिहिलेस तू. जातो. सहाशे. हजाराच्या आणि शेकड्याच्या जागी बघ.” आणि मग तिने पंखा मोठा केला, म्हणजे पुढचं काही ऐकू येणार नाही.

मालसूनला ती नोंद बसच्या थांब्यावर सापडली. अठ्ठावीस हजार दोनशेच्या जागी बावीस हजार आठशे. तिने तिथेच उभ्या उभ्या दुरुस्त केलं. दोन्ही बाजू जुळल्या, तरी तिला आनंद झाला नाही. अजूनच संताप आला. कोणावर, ते मात्र आता तितकं स्पष्ट नव्हतं.

त्या दुपारी क्वाक सरांनी उत्तरांचा नवा कागद वाटला. आठव्यापुढे १२.३ छापलं होतं. सरांनी काहीच म्हटलं नाही, जणू ते आधीपासून तसंच होतं.

मालसून उभी राहिली. “हे कधी बदललं, सर?”

“छपाईची चूक होती, मावशी.”

“छपाईची नाही. तुमची.”

सरांचे कान लाल झाले. “तुम्हाला काय हवंय? शून्य काढून हवंय का?”

“शून्य राहू द्या. मी उतरवत होते, ते खरंच आहे. पण बरोबर उत्तरावर तुम्ही लाल फुली मारलीत, आणि चूक कळल्यावर फळा पुसलात. मी बघितलं. आम्ही इथे येतो, बाकीच्या जगाने काय सांगितलं ते घोकायला नाही. ते आम्ही चाळीस वर्षं केलं. तुम्ही म्हणालात, सतरा जणी चुकल्या का. आता सांगा ना, चुकल्या का?”

मग मागच्या बाकावरून मो इनसुक उठली. ती शिवणकाम करायची, आणि वर्षभरात वर्गात चार वाक्यंही बोलली नव्हती.

“माझंही बारा पूर्णांक तीनच आलं होतं, सर,” ती म्हणाली. “खोडलं मी.” तिने वही उलटी धरून दाखवली. रबराने कागद पातळ झाला होता.

“मीही खोडलं,” खिडकीजवळची म्हणाली. आणखी दोघींनी हात वर केले. ओकबुन आज दाराजवळच्या बाकावर बसली होती. तिने हात वर केला नाही, पण वही मिटली आणि छातीशी धरली.

क्वाक सरांनी त्या पातळ झालेल्या कागदाकडे बघितलं. मग म्हणाले, “चूक माझी होती. मी घनता विसरलो. फळ्यावर मांडलं तेव्हाच मला कळलं होतं.” त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की पुढच्या बाकावरच्या बाईंना मागे वळून ते पुन्हा सांगावं लागलं. मग त्यांनी त्या चौघींच्या वह्या आणि मालसूनची वही मागवून घेतली, आणि मालसूनची फुली स्वतःच्या हाताने काढली. शून्य तसंच ठेवलं.

मालसूनला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीतला निखारा विझेल. विझला नाही. जिन्यावर ओकबुन तिच्या पुढून भराभर उतरून गेली.

सत्र संपलं तेव्हा मालसूनला जमाखर्चात बासष्ट गुण मिळाले. साठाला पास. नव्वदांपेक्षा हे बासष्ट तिने जास्त वेळा पाहिले. ओकबुन रसायनात नापास झाली, पंचेचाळीस. परीक्षा पुन्हा द्यायची होती, तीन आठवड्यांनी.

निकालानंतरच्या बुधवारी, सकाळी दहाला, मालसूनच्या दाराची घंटा वाजली. ओकबुन उभी होती. एका हातात वही, दुसऱ्या हातात तेलाची बाटली.

“उतरवायला नाही आले,” ती चपला काढायच्या आधीच म्हणाली. “शिकव. आणि ओरडलीस, तर उठून जाईन. सांगून ठेवते.”

“ये.”

दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. पहिलं गणित बरं गेलं. दुसऱ्यात ओकबुनने पुन्हा मिलिलिटरला ग्रॅम धरलं, आणि मालसून ओरडली, “अगं, घनता! घनता कुठे गेली?”

“इथेच आहे घनता, पळून नाही गेली!” ओकबुन तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडली. “डोक्यात घालायला वेळ तर दे!”

खालच्या मजल्यावरच्या बाईने छताला झाडू आपटला. दोघींनी एकाच वेळी खाली वाकून तिला शिव्या दिल्या. मग ओकबुनने आकडा खोडला, पाय खुर्चीवर घेतले आणि ती गुणाकार करू लागली.