कुंकू लावलेल्या वेबकॅमची कैफियत

मित्रांनो, कॉम्प्युटरच्या डोक्यावर चिमट्यानं बसवतात ना, तो वेबकॅम मी. मला नवा समजू नका. माझी वायर दोन ठिकाणी चिकटपट्टीनं बांधलेली आहे आणि पाठीवरचं कंपनीचं नाव कधीच घासून गेलंय. सध्या मुक्काम निलंगा. हवं तर तक्रार सांगायला बसलोय असं म्हणा, पण ती नेमकी कुणाची करायची हेच मला अजून कळलेलं नाही.

माझा जन्म कुठल्यातरी कारखान्यातला. तिथलं सांगण्यासारखं काही नाही. एका बाईनं माझ्या डोळ्यावर काच बसवली, लावून पाहिलं आणि खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते थेट लातूरला, एका शिकवणीच्या क्लासमध्ये. तुमच्या शाळांना कुलूप लागलं होतं, तो काळ. तेव्हा माझा काय थाट होता म्हणून सांगू! सर फळ्यासमोर उभे राहायचे आणि मी त्यांना औसा, चाकूर, रेणापूरकडच्या पोरांपर्यंत पोचवायचो. "आपला कॅमेरा लई भारी हाय," असं सर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. मग शाळा उघडल्या आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो, सुकलेल्या पेनांच्या संगतीला. नंतर कुणी माझी साधी चौकशीही केली नाही.

तिथून मला बाहेर काढलं ऋतुजानं. ती त्याच क्लासमध्ये गणित शिकवायची, रोज निलंग्याहून एसटीनं यायची. मागच्या साली तिच्या वडिलांना, श्रीमंत अण्णांना, लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिची माय तुळजाबाई दिवसभर रानात, मग घरी अण्णांपाशी कोण? ऋतुजानं नोकरी सोडली. निघताना सरांनी एक जुना कॉम्प्युटर तिला देऊन टाकला आणि त्याच्या सोबत मलाही.

घरी मला टेबलावर बसवलं. माझ्यासमोर ऋतुजाची खुर्ची आणि खुर्चीच्या मागं अण्णांची खाट. त्यामुळं तिच्या खांद्यावरून अण्णा मला दिसायचे आणि मी अण्णांना. दिवसभर आम्ही दोघं एकमेकांकडं बघत असायचो. बोलणारं कुणीच नव्हतं, पण माझा वेळ चांगला जायचा.

मग पुण्याच्या एका ऑनलाइन क्लासची जागा निघाली. घरी बसून पोरांना गणित शिकवायचं. आधी पाठ घेऊन दाखवायचा आणि तोही कॉम्प्युटरवरून, कारण त्यांचा फळा फोनवर उघडत नाही. शिकवणाऱ्याचा चेहरा दिसलाच पाहिजे, ही अट. हे काम लागलं तर ऋतुजाला अण्णांपाशी राहूनच घर चालवता येणार होतं. नाही लागलं तर नांदेडच्या एका क्लासचं बोलावणं होतं, पण तिथं खोली घेऊन राहावं लागणार. आदल्या दिवशी तिनं मला पुसूनबिसून चालवून पाहिलं. सगळं झकास. अण्णांना म्हणाली, "एवढं जमलं की मी कुठंच जात न्हाई बघा." अण्णांनी डाव्या हातानं तिचा हात थोपटला.

पाठ दुपारी होता आणि दिवस नेमका खंडेनवमीचा. त्या दिवशी आपल्याकडं विळे, खुरपी, कुदळी, झाडून सगळ्या अवजारांची पूजा होते. तुळजाबाईंनी सकाळी मोटरीचा स्टार्टर पुजला, शिलाई मशीन पुजली आणि मग त्या आमच्याकडं वळल्या. पोरीची भाकरी यातूनच यायची, म्हणून हात जरा सैलच सोडला. पडद्याला लावलं, किबोर्डाला लावलं, माऊसलाही सोडलं नाही. शेवटी माझी पाळी आली. माझा डोळा ज्वारीच्या दाण्याएवढा आणि भोवती गोल काळी काच. बाईंना ते माझं कपाळ वाटलं. त्यांनी ओल्या बोटानं बरोबर मधोमध हळदकुंकू टेकवलं, हात जोडले आणि म्हणाल्या, "माझ्या लेकराला यश दे बाबा."

त्यानंतर मला काही दिसेना; पुढचं सांगतोय ते कानानं ऐकलेलं आणि नंतर घरातल्या बोलण्यातून कळलेलं. आता सांगा, रागवायचं तरी कुणावर? इतक्या मायेनं मला आजवर कुणी हात लावला नव्हता.

दुपारी ऋतुजा आवरून बसली. कॉल लागला. समोरच्या बाई म्हणाल्या, "ऋतुजा मॅडम, आवाज छान येतोय, पण चेहरा दिसत नाहीये. कॅमेरा सुरू करता का?"

"सुरूच आहे मॅडम," ऋतुजा म्हणाली.

"आम्हाला नुसता अंधार दिसतोय. बघा जरा, आम्ही थांबतो."

दयानंदला हाक गेली. हा तिचा चुलतभाऊ, शेजारीच राहतो. चौकात त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि कॉम्प्युटरमधलं आपल्याला सगळं येतं असं त्याचं स्वतःचं मत आहे. आला तसा त्यानं माऊसचा ताबा घेतला. ॲपला कॅमेऱ्याची परवानगी आहे का ते पाहिलं, परवानगी होती. कॅमेरा दुसऱ्या कुठल्या ॲपनं अडवून धरलाय का ते पाहिलं, तसंही नव्हतं. माझी वायर उपटून दुसऱ्या भोकात घातली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, कॉल पुन्हा जोडला. "ड्रायव्हर उडाला असंल," म्हणाला आणि तोही काढून परत टाकला. माझा दिवा पेटलेला होता. मी इमानदारीनं काम करत होतो, जे समोर होतं ते पाठवत होतो. समोर कुंकू होतं.

कुंकू त्याला दिसलं नसेल का? दिसलं की. पण त्या दिवशी कुंकू टेबलावरच्या प्रत्येक वस्तूला होतं आणि पूजेचं कुंकू कुणी पुसत नाही. सगळे पडद्याकडं बघत होते. मी तर दोन बोटं वरच होतो.

तेवढ्यात खाट कुरकुरली. "उं... उं..." अण्णांचा आवाज मी ओळखला. काय झालंय ते त्यांना कळलं होतं, सकाळचं बोट त्यांनी पाहिलं होतं.

"अण्णा, जरा थांबा," ऋतुजा म्हणाली. तुळजाबाईंनी पाणी आणलं. अण्णांनी पेला ढकलला, पाणी सांडलं. "भूक लागली का हो? का उशी टोचायली?" आवाज वाढतच गेला. त्या खोलीत ठाऊक असणारे आम्ही दोघंच होतो आणि दोघांनाही सांगता येत नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं, पण माझ्यात ओरडायची सोयच नाही.

"काकू, काकांना जरा गप करा, सगळा आवाज तिकडं जायलाय," दयानंद म्हणाला.

तुळजाबाईंनी अण्णांना कुशीवर केलं आणि तोंड भिंतीकडं वळवलं. "शांत पडा हो, पोरीची नोकरी हाय," म्हणाल्या. खाट शांत झाली.

थोड्या वेळानं पुण्याच्या बाई म्हणाल्या, "सॉरी हं, चेहऱ्याशिवाय पाठ धरता येत नाही. पुढचे उमेदवार थांबलेत." कॉल तुटला.

"हा खराबच झालाय, टाकून दे," असं माझ्याविषयी बोलून दयानंद घरी गेला. ऋतुजा खाटेवर जाऊन बसली. तिनं अण्णांना आपल्याकडं वळवलं. इतका वेळ सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते, पाणी की भाकरी याचाच अंदाज बांधत होते. आता तिनं त्यांचा डावा हात पाहिला. हात वर होता आणि बोट माझ्याकडं.

ती उठली आणि पदरानं माझी काच पुसली. मला तिचा चेहरा दिसला, अगदी जवळ, आणि तिच्या मागं रडणारे अण्णा.

"मीच लावलं गं माय," तुळजाबाई म्हणाल्या. ऋतुजानं त्यांना एका शब्दानं बोल लावला नाही. पुण्याला तिनं पुन्हापुन्हा फोन केले. जागा भरली होती.

मित्रांनो, यंत्र अडलं तर आधी त्याच्या तोंडावरून फडकं फिरवून बघा, एवढं तर तुम्ही कराल. माझी विनंती दुसरीच आहे. घरात कुणाला बोलता येत नसेल, तर गडबडीच्या वेळी त्याला भिंतीकडं वळवू नका. त्याचा हात कुठं जातोय ते बघा.

ऋतुजा आता नांदेडला असते. रोज संध्याकाळी तुळजाबाई मला खाटेकडं तोंड करून लावतात. पलीकडून ऋतुजा म्हणते, "माय, जरा बाजूला सरक. मला अण्णांचा हात दिसू दे." मी तो नीट दाखवतो.

काल अण्णांनी हात उचलला, आधी पडद्यातल्या तिच्याकडं बोट केलं आणि मग खाटेच्या कडेला, स्वतःजवळच्या रिकाम्या जागेवर ठेवलं. ऋतुजाला लगेच कळलं. ती नांदेडच्या खोलीत बसून रडत राहिली. पडदा अण्णांना ते दाखवत राहिला, आणि मी तिला अण्णांचा हात.